आपल्याच माणसांविरुद्धची साक्ष

उंबरमाळीच्या आमच्या घरात आजोबांची हिशेबाची वही आहे. तिच्या एका पानावर भातकापणीच्या मजुरांची नावे असून पुढे ‘देणे बाकी’ असे लिहिले आहे. ती बाकी फिटल्याची नोंद कोठेही नाही. आजोबांची अब्रू राखण्यासाठी हे पान काढून टाकावे, असे घरातील तरुणांचे म्हणणे पडले. आपल्या माणसांविरुद्ध जाणारा लेख जपणे हे आपले कर्तव्य आहे काय?

स्तुतीचा लेख जपणे सोपे असते. हिजरी ३०४ (इ. स. ९१६) मध्ये अल्-मसऊदी कोकणातील चौलला आले. तेथे सुमारे १०,००० मुस्लिम राहतात, ही त्यांची नोंद आपण अभिमानाने सांगतो. सहाच वर्षांनी, ९२२ मध्ये, खलीफा मुक्तदिर यांच्या शिष्टमंडळातील इब्न फदलान व्होल्गाकाठच्या बुल्गार राज्याकडे जाताना बश्कीर लोकांच्या प्रदेशातून गेले. बश्कीर हे तुर्कांमधील सर्वांत दुष्ट व गलिच्छ लोक आहेत, असे त्यांनी लिहिले.

या प्रवासवर्णनाचे हस्तलिखित १९२३ मध्ये इराणातील मशहद येथे अहमद झकी वलीदी यांना सापडले. ते स्वतः बश्कीर होते. आपल्या लोकांच्या स्वायत्ततेसाठी लढून परागंदा झालेले. तरीही त्यांनी कटू मजकूर गाळला नाही. १९३९ मध्ये मूळ अरबी मजकूर, जर्मन भाषांतर आणि टीपा त्यांनी लाइपझिगहून प्रसिद्ध केल्या. या मजकुरातून बश्कीरांच्या इस्लामपूर्व श्रद्धा आणि चालीरीती आज अभ्यासता येतात.

लेख जपणे म्हणजे त्यातील प्रत्येक निवाडा मान्य करणे नव्हे. घाबरलेल्या प्रवाशाचे मत आणि त्याने डोळ्यांनी पाहिलेले, यांत भेद करावाच लागतो. बातमीची शहानिशा करण्याची आज्ञा सूरह हुजुरातमध्ये आहे. परंतु शहानिशा करण्यासाठी आधी लेख शाबूत हवा. सूरह निसाच्या १३५व्या आयतीत तर साक्ष स्वतःविरुद्ध, आईवडिलांविरुद्ध वा नातलगांविरुद्ध जात असली तरी न्यायावर ठाम राहण्याचा आदेश आहे.

आमच्या वहीतील पान परक्याने लिहिलेले नाही. आजोबांनीच ते स्वतःच्या हाताने लिहिले. देणे लपवायचे असते तर त्यांनी ते लिहिलेच नसते. ते फाडणे म्हणजे त्यांची कबुली पुसणे आणि मजुरांच्या वारसांचा हक्क बुडविणे. बंद्यांचा हक्क बंद्यांनी माफ केल्याखेरीज सुटत नाही.

पान वहीत आहे. त्यावरील नावांचे वारस शोधण्याचे काम आता त्याच तरुणांनी हाती घेतले आहे.