कसोटी कोणाची? : ‘ब्लेड रनर’मधील नैतिक प्रश्न

माणूस कोणाला म्हणावे, हा प्रश्न तत्त्वज्ञानाने बहुधा लक्षणांच्या अंगाने हाताळला आहे. विवेक, भाषा, आत्मभान ही त्याची परिचित उत्तरे होत. रिडली स्कॉट यांच्या ‘ब्लेड रनर’ (१९८२) या चित्रपटाचे महत्त्व असे, की त्याने हा प्रश्न लक्षणांकडून आचरणाकडे वळवला; आणि त्याची मर्यादा अशी, की त्याच्या नंतरच्या आवृत्त्यांनी तो पुन्हा लक्षणांच्या शोधात अडकवला.

चित्रपटाचा आधार असलेल्या फिलिप के. डिक यांच्या १९६८ च्या कादंबरीत कृत्रिम मानव सहानुभूतिशून्य असतात, म्हणून भयावह ठरतात. चित्रपटाने ही मांडणी जवळजवळ उलटी केली. त्यातील २०१९ चे लॉस एंजेलिस पावसात आणि जाहिरातींच्या झगमगाटात बुडालेले आहे. परग्रहांवरील गुलामीसाठी निर्माण केलेल्या ‘रेप्लिकंटां’ना पृथ्वीवर येण्यास बंदी आहे, आलेच, तर त्यांना मारण्याला ‘निवृत्त करणे’ म्हणतात. हिंसेला प्रथम भाषेतच मान्यता मिळते. रेप्लिकंट ओळखण्याची कसोटी भावनिक प्रतिसादाची आहे: प्रश्न विचारायचे आणि डोळ्याच्या बाहुलीची हालचाल मोजायची. परंतु ही कसोटी घेणारा डेकर्ड पळणाऱ्या झोराला पाठीमागून गोळ्या घालतो, आणि त्याची कसोटी कोणीही घेत नाही.

या विसंगतीतून चित्रपटाचे सामर्थ्य प्रकटते. रेचलच्या बालपणीच्या आठवणी तिच्या नाहीत, तिचा निर्माता टायरेल याच्या पुतणीच्या आहेत, हे तिला कळते, तेव्हा होणारे दुःख मात्र सर्वस्वी तिचे असते. स्मृती उसनी असू शकते. वेदना उसनी नसते. रॉय बॅटीचे पात्र याही पुढे जाते. चारच वर्षांचे आयुष्य लाभलेल्या या रेप्लिकंटाने टायरेलला ठार केले आहे, निरुपद्रवी सेबॅस्टियनचाही जीव घेतला आहे. तोच मरणाच्या उंबरठ्यावर, कोणताही लाभ नसताना, आपल्या मारेकऱ्याला वाचवतो. येथे करुणा ही स्वभावाची देणगी नसून निवड आहे, आणि म्हणूनच तिला नैतिक मोल आहे.

१९८२ च्या आवृत्तीतील निवेदनाने या कृतीचे अर्थ उलगडून तिचे मौन बिघडवले. तर रेचलला आयुष्याची मुदतच नाही असे सांगणाऱ्या सुखान्ताने मर्त्यतेचा प्रश्न निकाली काढला. १९९२ च्या आवृत्तीने हे दोन्ही दोष दूर केले. मात्र डेकर्डचे एकशिंगी घोड्याचे स्वप्न तिच्यात आले. गॅफने ठेवलेल्या त्याच प्राण्याच्या कागदी आकृतीशी ते जोडले, की डेकर्ड स्वतःच रेप्लिकंट असल्याचे सूचित होते. २००७ च्या आवृत्तीनेही ही सूचना कायम ठेवली. यामुळे माणूस आणि यंत्र यांच्यातील सीमारेषाच पुसली जाते, असे समर्थन करता येईल. परंतु सीमा पुसणे आणि सीमा ओलांडणे यांत भेद आहे. डेकर्ड रेप्लिकंट असेल, तर प्रेक्षकाच्या दृष्टीने रॉयची कृती परक्याविषयीची करुणा न राहता सजातीयाची सुटका होते. शिवाय डेकर्डच्या डोळ्यांत चमक दिसते का, हे शोधत बसलेला प्रेक्षक त्या कसोटीच्या यंत्राचेच काम करू लागतो. ज्या दृष्टीचा चित्रपटाने निषेध केला, तीच तो अखेरीस प्रेक्षकाला देतो.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. डेकर्ड रेचलची वाट अडवतो, तिला ढकलतो आणि संमतीचे शब्द तिच्याकडून वदवून घेतो. जिच्या स्मृती दुसऱ्याच्या, तिचे शब्दही आता दुसऱ्याचे होतात. डेकर्डच्या माणूसपणाची ही खरी कसोटी होती आणि तो तीत अनुत्तीर्ण झाला, असा या प्रसंगाचा अन्वय लावणे अशक्य नाही. पण त्यावर पसरलेले प्रणयसंगीत त्या अन्वयाला साथ देत नाही. ही जबरदस्ती चित्रपटाला प्रेम वाटते. झोराच्या मृत्यूपाशी विलंबित गतीने रेंगाळणारा कॅमेरा येथे कोणताही प्रश्न विचारत नाही.

तरीही ‘ब्लेड रनर’ पुनःपुन्हा अभ्यासावा असा आहे. समोरचा माणूस आहे की नाही हे ठरल्यावर त्याच्याशी कसे वागायचे ते ठरते, या रूढ क्रमाला रॉयच्या एका कृतीने छेद दिला. तो हात पुढे करतो, तेव्हा डेकर्ड कोण आहे हे त्याने आधी तपासलेले नसते.