रिकामे आसन कोणाचे?

विमानाचे दार बंद झाले की त्यातील रिकाम्या आसनाचे मोल संपते. दुकानातील न विकलेला कापडाचा तागा उद्या विकता येतो. आजचे रिकामे आसन उद्यासाठी राखून ठेवता येत नाही. विमान कंपन्या आपल्या सेवकांना व त्यांच्या कुटुंबीयांना नाममात्र शुल्कात, काही वेळा विनामूल्यही, प्रवास करू देतात. त्याच्या मुळाशी हा साधा हिशेब आहे. मात्र अशा पासावर बहुधा जागा राखीव नसते. तिकीट काढलेले उतारू बसल्यावर जे उरेल ते यांचे. या प्रकाराला ‘स्टँडबाय’ म्हणतात. ज्या वाचकांच्या घरी कोणी विमान कंपनीत नोकरी केली आहे, त्यांना हा शब्द आणि त्यापायी विमानतळाच्या बाकावर काढलेली रात्र समजावून सांगायला नको.

अमेरिकेत १९८४ साली झालेल्या करविषयक कायद्याने या सवलतीचे वर्णन ‘अतिरिक्त खर्च न येणारी सेवा’ असे केले. ही सेवा देताना कंपनीला वेगळा म्हणण्यासारखा खर्च येत नाही, आणि विकली गेली असती अशी जागाही ती गमावीत नाही. म्हणून सेवकाच्या उत्पन्नात तिची गणना करू नये, असा त्यामागील विचार. पती, पत्नी व आश्रित मुले यांना हा नियम लागू आहेच. पण विमानप्रवासापुरता त्यात सेवकाच्या आईवडिलांचाही समावेश केलेला आहे. पाश्चात्त्य देशांत वृद्धांना कोणी विचारीत नाही असे आपण इथे बसून ठरवून टाकलेले असते. तेथील करकायद्यात आईवडिलांची अशी आठवण निघावी, याची आम्हांला मौज वाटली.

असो. कंपनीच्या वहीत खर्च शून्य. परंतु खर्च शून्य म्हणजे किंमतही शून्य, असे म्हणता येईल काय? समजा, एक आसन उरले आहे आणि यादीत चार नावे आहेत. पहिला आत जातो, तिघे मागे राहतात. कंपनीचे काही गेले नाही, पहिल्याचेही फारसे गेले नाही. पण दुसऱ्याचा दिवस गेला, कदाचित रजा गेली, कदाचित ज्या लग्नाला तो निघाला होता ते लग्न गेले. फुकट प्रवासाची किंमत यादीतील पुढच्या माणसाने भरली, आणि ती कोणत्याच वहीत लिहिली गेली नाही.

मग हा क्रम लावावा कसा? अ‍ॅरिस्टॉटलने न्यायाची चर्चा करताना म्हटले आहे, की वाटप पात्रतेनुसार व्हावे हे सर्वांना मान्य असते. पात्रता कशात, यावरच माणसे भांडतात. बासऱ्या वाटायच्या तर उत्तम वाजविणाऱ्याला उत्तम बासरी द्यावी, असा त्याचा दाखला आहे. विमानात बसणे ही कला नव्हे, त्यामुळे तो निकष इथे निरुपयोगी. डेल्टा आणि युनायटेड या अमेरिकन कंपन्या एकाच वर्गातील सेवकांत सेवाज्येष्ठता पाहतात. अमेरिकन एअरलाइन्स आधी हजेरी नोंदविणाऱ्याला पुढे ठेवते. दोन्ही पक्षांना आपलीच पद्धत न्याय्य वाटते. आमचे मत विचाराल तर सेवाज्येष्ठता अधिक सोसण्यासारखी. आज मागे असलेला माणूस टिकून राहिला तर कधीतरी पुढे येतो. उलट ‘आधी येईल त्याला’ हा नियम दिसायला समतेचा. पण विमानाच्या पोटाखाली हातांना तेल लागलेला मेकॅनिक नेमक्या वेळी नाव नोंदवायला मोकळा असतोच असे नाही.

तरीही ज्येष्ठतेला डोळे नसतात. तिला फक्त नोकरीला लागल्याची तारीख दिसते. वरच्या नावाची मुलगी सहलीला निघालेली असेल आणि खालच्या नावाची आई अत्यवस्थ असेल, तर हा फरक तारखेत कोठून उमटणार? काही कंपन्या अशा प्रसंगी खास अग्रक्रम देतात, हे खरे. पण दुःखाचे सगळेच प्रकार नियमात बसत नाहीत.

हा ताण पूर्वी एवढा नव्हता. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील विमानांत सरासरी दहापैकी चार आसने रिकामी असत. अलीकडच्या बहुतेक वर्षांत जेमतेम दोन किंवा त्याहून कमी उरतात. पासावरील अक्षरे तीच राहिली, त्यातील सत्त्व आटले. नाताळात आणि मे महिन्याच्या सुटीत, म्हणजे कुटुंबाला जायचे असते नेमके तेव्हाच, आसन मिळत नाही.

मग हे वेतन की देणगी? वेतन म्हणावे, तर १७ एप्रिल २०१९ रोजी जेट एअरवेजची विमाने थांबली, तेव्हा थकलेल्या पगाराचा दावा सेवकांना कायद्यापुढे मांडता आला. न मिळालेल्या आसनांचा दावा कोणापुढे मांडणार? देणगी म्हणावी, तर तिला अटी फार. २६ मार्च २०१७ रोजी डेन्व्हरहून मिनीआपोलिसला निघालेल्या दोन मुलींना लेगिंग्ज घातल्या म्हणून युनायटेडने विमानात चढू दिले नाही. तिकीट काढलेल्या उतारूला तो नियम नव्हता. पासावर प्रवास करणाऱ्याला होता. सेवकाच्या पासावर बसणारा प्रत्येकजण थोडासा त्या कंपनीच्या नोकरीत शिरतो.

आपल्या घरांतून या गोष्टीचा विसर पडतो. काही कंपन्या मित्रांसाठी वा दूरच्या नातलगांसाठीही वर्षाकाठी थोडे पास देतात. मग मावसभाऊ म्हणतो, ‘तुला काय, फुकटच तर आहेत.’ कोणी त्याहून पुढे जाऊन पैसे देऊ करतो. पास विकणे हा बडतर्फीपर्यंत नेणारा अपराध आहे. पाहुण्याने गेटवर आरडाओरडा केला तरी जाब सेवकाला द्यावा लागतो. मागणारा एका प्रवासाची बचत पाहतो, देणारा त्यासाठी पोटाची भाकरी पणाला लावतो. नाही म्हणणाऱ्या भावाला कंजूष ठरविणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून पाहावा.

विमान सुटायच्या वेळी गेटवरील कर्मचारी यादी वाचू लागतो. क्रम मनाने बदलण्याची त्याला मुभा नसते. मागच्याची कितीही कणव आली तरी नसते. ज्याचे नाव वर आहे त्याला मात्र आपले नाव काढून घेऊन पुढच्या विमानासाठी थांबता येते.