आजारी पडण्याची मुभा

कामकऱ्याच्या प्रकृतीची काळजी मालकाने का घ्यावी, हा प्रश्न आज कोणी विचारीत नाही. मोठ्या आस्थापनांतून वार्षिक वैद्यकीय तपासणी होते, योगवर्ग भरतात, उपाहारगृहातील तेलसुद्धा मोजले जाते. हे सारे स्वागतार्हच आहे. परंतु निरोगी माणूस अधिक काम करतो म्हणून त्याची निगा राखणे आणि तो माणूस आहे म्हणून राखणे, यांतील अंतर तो धडधाकट असेपर्यंत दिसत नाही. तो अंथरुणाला खिळला की मग दिसू लागते.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांचे उदाहरण घ्या. गळीत हंगामापूर्वी मुकादम उचल देतो. पतिपत्नी मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो आणि ती उचल दोघांनी राबून फेडायची असते. एखादा दिवस काम चुकले की तो खाडा. त्याचा दंड दिवसाला पाचशे रुपये असल्याचे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतून कळले. फडात शौचालय नाही, स्वच्छ पाणी नाही आणि मोळ्या तर डोक्यावरून वाहायच्या. मासिक पाळीचे दिवस आणि अंगावर काढलेली दुखणी यांना या हिशेबात जागाच नाही. त्याच वर्षी डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने नेमलेल्या समितीपुढे जी पाहणी आली, तीत सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. सर्वांचे कारण एक नसेल. काहींचा आजार खरोखरच गंभीर असेल, काहींना कर्करोगाचे भय दाखवले गेले असेल. पण खाड्याची धास्तीही त्यात होती, हे नाकारता येत नाही.

यावर एक उत्तर हमखास मिळते: ‘त्यांनी स्वखुशीने शस्त्रक्रिया करून घेतली, कोणी बळजबरी केली?’

खरा नैतिक पेच येथेच आहे. जिच्यापुढे कर्ज आणि शस्त्रक्रिया एवढेच दोन मार्ग ठेवले आहेत, तिच्या होकाराला स्वखुशी म्हणावे काय? पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात सांगितले, की कामाने शरीराची जेवढी झीज होते त्या मानाने विश्रांती मिळाली पाहिजे आणि मनुष्यत्वाला बाधक ठरणारी वागणूक माणसाला स्वतःच्या संमतीनेही पत्करता येत नाही. हे दुसरे विधान आधुनिक मनाला खटकते. माझ्या देहाचा मालक मीच, असे आपण मानतो. परंतु ते विधान कामकऱ्याला उद्देशून असण्यापेक्षा त्याच्या संमतीआड लपणाऱ्या मालकाला उद्देशून आहे, असे मला वाटते.

त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे १० जून १८९० रोजी, मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली होती. ज्या रविवारी आपण निवांतपणे मिस्साला जातो, तो गिरणगावातील श्रमिकांना मिळवून दिला तो जोतीराव फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी. खंडोबाचा वार म्हणूनही त्यांनी रविवार मागितला होता, हे आपण सहसा आठवत नाही! त्या सुट्टीचे बळ ती सर्वांना एकदम मिळाली यात होते. एकट्याने विश्रांती मागायची म्हटली, की मागणारा आळशी ठरतो आणि देणारा मालक शेजारच्या गिरणीच्या मागे पडतो. सर्वांनाच सुट्टी असली की कोणाला हात पसरावा लागत नाही. कारखान्यांसाठी १९४८ च्या कायद्याने साप्ताहिक सुट्टी, पिण्याचे पाणी, शौचालये यांचे बंधन घातले तेही याच न्यायाने. तो न्याय उसाच्या फडापर्यंत पोहोचला नाही.

तो आपल्या घरापर्यंत तरी कोठे पोहोचला? मालक म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर गिरणीवाला किंवा साखरसम्राट उभा राहतो. पण आपल्या धर्मग्रामातील कितीतरी घरांत धुणीभांडी करणारी बाई येते, वाडीत गडी राबतो. महिनाअखेरीस खाडे मोजून पगार कापण्याचा रिवाज तेथेही आहे आणि शब्दही तोच आहे. कामावर ठेवतानाच महिन्यातील दोन भरपगारी सुट्ट्या ठरवून दिल्या, तर तिला दर वेळी अजीजी करावी लागणार नाही आणि आपल्याला दर वेळी उदार व्हावे लागणार नाही. हिशेबाने पाहता खर्च अगदी थोडा आहे. पण तसे ठरवलेले घर विरळाच. अंगात ताप असताना ती येते, भांडी घासून जाते आणि आपण कौतुकाने म्हणतो, बाई मोठी प्रामाणिक आहे, एक दिवस चुकवीत नाही.