भिंतीवर कोणाचं नाव?

मागच्या हिवाळ्यात पुण्याचे दोन मित्र सहकुटुंब ताडोब्याला यायचे होते. मी चंद्रपूरचा, म्हणून राहण्याची सोय बघायचं काम माझ्याकडे आलं. मोहर्ली गेटच्या सफारीचं बुकिंग झालेलं होतं, फक्त रिसॉर्ट ठरवायचा होता. मित्राची अट एकच होती : "जरा कलात्मक असू दे, नुसत्या टाइल्सच्या खोल्या नकोत."

शेवटी यादीत दोन नावं उरली. पहिल्या ठिकाणी गेरूच्या रंगाच्या भिंतींवर पांढरी वारली चित्रं होती : तारपा नाचाचा गोल, झोपड्या, बैल. दुसऱ्या ठिकाणी प्रत्येक खोलीत एक गोंड चित्र, खाली चित्रकाराची सही, बाजूला नावाची छोटी पाटी. भाडं पहिल्याच्या दीडपट. प्रश्न पैशांचा नव्हता, मित्र दोन्ही देऊ शकत होते. मला मात्र निवड करता येईना.

सुरुवातीला सोपं वाटलं होतं. वारली चित्रांचा इथे संबंध काय? ती पालघर, डहाणू, जव्हारकडची. लग्नघरात सवाशिणींनी तांदळाच्या पिठाने चौक लिहायचा, त्यात पालघट देवी बसवायची, ही तिथली रीत. तिथून आमच्या जंगलापर्यंत यायचं तर अख्खा महाराष्ट्र ओलांडावा लागतो. पण जंगल म्हणजे आदिवासी आणि आदिवासी म्हणजे वारली, असं समीकरण हॉटेल बांधणाऱ्यांनी बसवून टाकलंय. त्या मानाने गोंड चित्र इथलं वाटतं. चंद्रपूर ही गोंड राजांची राजधानी. हत्तीवर चढलेल्या सिंहाचं त्यांचं चिन्ह अजून किल्ल्याच्या वेशींवर आहे, आणि त्याखालून आम्ही रोज स्कूटर काढतो.

पण हाही आधार टिकला नाही. आज ज्याला आपण गोंड चित्र म्हणतो, ते ठिपक्या-रेघांनी भरलेलं चित्र मध्य प्रदेशातल्या दिंडोरी जिल्ह्यातल्या पाटणगढच्या परधान कलावंतांचं. १९८० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत जनगढ सिंह श्याम हा तरुण तिथून भोपाळच्या भारत भवनात आला. जगदीश स्वामिनाथन यांनी त्याला कागद आणि रंग दिले आणि एक नवीनच चित्रशैली उभी राहिली. गडचिरोलीतल्या माडियांच्या घरी ती शोधून सापडायची नाही. भामरागडकडे माडिया आपल्या मृतांसाठी दगड उभे करतात. ते खोलीत टांगता येत नाहीत, आणि ते बरंच आहे.

म्हणजे दोन्ही चित्रं परगावची. मग 'इथलं' असणं ही कसोटी धरावी का? धरली तर जनगढनं पाटणगढच्या भिंतींपाशीच थांबायला हवं होतं. जिव्या सोमा म्हसे यांनी बायकांच्या हातातली रीत स्वतःच्या हातात घेऊन कागदावर आणायला नको होती. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली ती ती रीत घराबाहेर नेल्यामुळेच. आपण स्वतः कुठलंही गाणं ऐकतो, कुठल्याही देशाचं जेवण जेवतो. आदिवासी कलेनं मात्र जन्मगावीच राहावं, ही अट घालणारे आपण कोण?

गाव ही कसोटी नसेल तर नाव असावी, असं मी ठरवलं. ज्यानं काढलं त्याची सही हवी, त्याला मोबदला मिळालेला हवा. या हिशोबानं दुसरं ठिकाण पक्कं झालं. तरी पैसे भरण्याआधी दोन्ही डोळ्यांखालून घालावीत म्हणून एका रविवारी मोहर्लीकडे गेलो.

पहिल्या ठिकाणी पंचविशीतला एक पोरगा पावसानं खराब झालेली भिंत पुन्हा रंगवत होता. जवळच्याच गावचा. दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदे रंगवतो, एरवी दुकानांच्या पाट्या. वारली शाळेत चित्रकलेच्या तासाला शिकला होता. मी विचारलं, "खाली नाव का नाही टाकत?"

"नाव कायले टाकू सर? चित्र वारल्यायचं. मी त फक्त रंग भरला."

माझी कसोटी तिथे डळमळली. सही नसणं म्हणजे चोरी, असं मी धरून चाललो होतो. इथे सही नसण्यात प्रामाणिकपणा होता. शिवाय सहीचं चित्र एकदा विकत घेतलं की मालकाचा चित्रकाराशी संबंध संपला. या पोराला दर पावसाळ्यानंतर रोजी मिळते. अर्थात त्यामुळे डहाणूच्या वारल्यांना काहीच मिळत नाही, हेही खरंच. आणि नाव मिळालं म्हणजे सगळं मिळालं असंही नाही. नाव झालेला जनगढ २००१ साली जपानमध्ये एका संग्रहालयासाठी चित्रं काढत असताना आत्महत्या करून गेला.

फ्रान्सच्या दक्षिणेला 'ला कोलोंब दोर' नावाचं एक हॉटेल आहे. तिथल्या भिंतींवर पिकासो, मातीस यांची चित्रं आहेत. राहण्या-जेवण्याच्या बदल्यात चित्रकारांनी मालकाला चित्रं दिली, असं सांगतात. मला त्यातलं चित्रांपेक्षा जेवण महत्त्वाचं वाटतं. तिथे चित्रकार मालकाच्या ओळखीचा होता, टेबलावर बसलेला होता. मोहर्लीचा पोरगा भिंत रंगवून झाली की मागच्या फाटकानं घरी जातो. पाटणगढचा चित्रकार तर त्या खोलीत कधी आलेलाही नसावा. कला कुठून आणली, सही आहे की नाही, हे प्रश्न खरे आहेत. पण त्यांच्या आधीचा प्रश्न हा, की ती करणारा माणूस आपल्या ओळखीचा आहे का.

मी पहिलं ठिकाण ठरवलं. बुकिंग करताना मालकाला फोनवर म्हटलं, "भिंतीशेजारी एक पाटी लावा. शैली पालघरच्या वारल्यांची, आणि रंगवणाऱ्याचं नाव."

मालक भला माणूस. म्हणाला, "लावू ना सर, चांगलंच आहे. पण आमच्याकडे दोघं-तिघं पोरं येतात. कोणतं नाव टाकू?"

त्या पोराशी मी अर्धा तास बोललो होतो. त्याच्या पडद्यांबद्दल, रोजीबद्दल, शाळेबद्दल विचारलं होतं. सही का करत नाहीस, हेही विचारलं होतं. नाव विचारलं नव्हतं.

"विचारून सांगतो," एवढंच म्हणालो आणि फोन ठेवला.