चपलेच्या वर

इंग्रजीत ‘अल्ट्राक्रेपिडेरियन’ असा एक अवघड, क्वचितच वापरला जाणारा शब्द आहे. ज्या विषयातलं आपल्याला कळत नाही त्यावर ठामपणे मत देणारा, असा त्याचा अर्थ. त्याच्या पोटात ‘क्रेपिडा’ आहे, म्हणजे लॅटिनमधली चप्पल.

या चपलेची गोष्ट इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवली. अलेक्झांडरच्या काळातला ग्रीक चित्रकार अपेलीस आपली चित्रं रस्त्यावरून दिसतील अशी मांडून मागे लपायचा आणि येणारेजाणारे काय बोलतात ते ऐकायचा. एका मोच्याने चित्रातल्या चपलेचा एक बंद कमी असल्याचं दाखवलं. अपेलीसने तो रंगवला. दुसऱ्या दिवशी मोची चित्रातल्या पायालाच नावं ठेवू लागला, तेव्हा अपेलीस पुढे आला आणि चपलेच्या वर जाऊ नकोस म्हणून त्याला दटावलं. पुढे म्हण झाली ती या दटावण्याची. मला मात्र पहिला दिवस जास्त मोलाचा वाटतो: एवढ्या मोठ्या चित्रकाराने अनोळखी कारागिराचं ऐकून चित्र बदललं.

प्लिनीच्या कितीतरी आधी अथेन्समध्ये कोणी कशावर बोलावं या प्रश्नाचा कीस पाडून झाला होता. कारागिरांना आपलं काम उत्तम येतं आणि म्हणूनच त्यांना वाटतं की आपल्याला बाकीचंही कळतं, अशी सॉक्रेटिसची तक्रार प्लेटोने नोंदवली आहे. पण प्लेटोच्याच ‘प्रोटागोरस’मध्ये दुसरी बाजू येते. जहाज बांधायचं असेल तर सभा जहाजबांधणी जाणणाऱ्याचंच ऐकते. राज्यकारभाराचा विषय निघाला की सुतार, लोहार, मोची, कोणीही उठून बोलतो. ॲरिस्टॉटल आणखी पुढे गेला. घर कसं आहे हे बांधणाऱ्यापेक्षा राहणाऱ्याला जास्त कळतं आणि पंगतीचा न्याय आचाऱ्यापेक्षा जेवणारा चांगला करतो, असं त्याने मांडलं.

आपला शब्द छापील रूपात दिसतो तो १८१९ मध्ये, इंग्रज निबंधकार विल्यम हॅझलिटने विल्यम गिफर्डला लिहिलेल्या जाहीर पत्रात. गिफर्ड ‘क्वार्टर्ली रिव्ह्यू’चा संपादक. त्याच्या नियतकालिकाने हॅझलिटच्या पुस्तकांवर आणि कवी कीट्सच्या ‘एंडिमियन’वर झोड उठवली होती. हॅझलिटचा राग रास्तच होता, कारण ती टीका बरीचशी राजकीय वैरातून आलेली होती. पण शब्दाचा नेम वेगळ्याच जागी लागला. अनाथ गिफर्ड पोरवयात मोच्याकडे उमेदवारी करत होता. कागद घ्यायला पैसे नव्हते, म्हणून चामड्याचे तुकडे ठोकून गुळगुळीत करायचे आणि बोथट आरीने त्यांवर गणितं सोडवायची, हे त्यानेच आत्मकथनात सांगितलं आहे. कूक्सली नावाच्या एका सर्जनने वर्गणी जमवून त्याला तिथून सोडवलं, तो ऑक्सफर्डला शिकला, रोमन कवी जुव्हेनलचं भाषांतर त्याने केलं. अशा माणसाला ‘चपलेपुरतं बोल’ म्हणणं म्हणजे त्याच्या पक्षपातावर बोट न ठेवता त्याचं मूळ काढणं होतं. धंद्यावरून बुद्धीची वेस आखण्याची ही रीत आपल्या समाजाने तर शतकानुशतकं पाळली, म्हणून ती मला अधिकच बोचते.

त्याच काळात सिडनी स्मिथ या इंग्रज लेखकाने भारतातल्या बॅप्टिस्ट मिशनऱ्यांची मोची म्हणून टिंगल केली. त्यांच्यातला विल्यम केरी नॉर्थॅम्प्टनशरमध्ये खरोखरच जोडे शिवत असे. फोर्ट विल्यम कॉलेजातल्या वैजनाथ पंडितांच्या मदतीने या माणसाने मराठीचं व्याकरण रचलं आणि १८०५ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरला ते छापलं. १८१० मध्ये मोडी टाइपातला मराठी–इंग्रजी कोश काढला. मराठी ही काही त्याची भाषा नव्हती, भाषाशास्त्राची पदवीही त्याच्याकडे नव्हती. पण त्याने आधी जाणकारापाशी बसून शिकून घेतलं आणि मग लिहिलं. अपेलीसपुढच्या मोच्याने पायाबद्दल बोलण्याआधी नेमकं तेच केलं नव्हतं. त्याचा धंदा कोणता होता याचा त्याच्या चुकीशी काहीही संबंध नव्हता.