शिकाऊ हात

गेल्या पावसाळ्यात आई न्हाणीघरात पाय घसरून पडली आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले. जिल्ह्याच्या सरकारी इस्पितळात पोचलो तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. अपघात विभागात पुढे आलेला तरुण डॉक्टर माझ्याकडे पाहून चटकन वाकला. "गुरुजी, ओळखलंत का? तुमच्या सातवीतला मी."

ओळखले. गणितात पक्का, अक्षर मात्र कोंबडीच्या पायासारखे. त्याला 'तू' म्हणावे की 'तुम्ही', या घोटाळ्यात मी दोन वाक्ये कर्त्यावाचूनच बोललो. एम. बी. बी. एस. होऊन तो आता अस्थिशल्यशास्त्राच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला होता, दुसऱ्या वर्षाला. अशांना 'रेसिडेंट' म्हणतात. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स इस्पितळात हॉल्स्टेड नावाच्या शल्यविशारदाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही प्रथा रुजवली. शिकणाऱ्याने इस्पितळातच राहायचे. म्हणजे आपले गुरुगृहच म्हणा. आपल्या सरकारने १९९२ साली या मुलांना आठवड्याला ४८ तासांचे काम ठरवून दिले. हा मात्र आदल्या सकाळपासून जागा होता. तरी आईच्या पायाला त्याने वजन बांधले ते इतक्या हळुवारपणे, की ती कण्हायची थांबली.

दुसऱ्या दिवशी कळले, की शस्त्रक्रियाही तोच करणार. मी तडक त्याच्या वरिष्ठांच्या खोलीत गेलो. "साहेब, आईचं तुम्ही स्वतः करा. त्या पोराच्या हातात नको."

"मी शेजारी उभा असेन," ते म्हणाले. "हात त्याचा असेल. माझाही हात असाच कुणाच्या तरी पायावर तयार झाला."

मागे वळलो तो दारात एक्स-रे घेऊन तो उभा.

रात्री व्हरांड्यात तोच माझ्याजवळ येऊन बसला. ऐकल्याचे त्याने दाखवले नाही. मीच काहीतरी विचारायचे म्हणून विचारले, की हाडाला भोक पाडायला शिकतात कसे? तो रंगून सांगू लागला. लांब हाडाला दोन कठीण भिंती असतात, अलीकडची आणि पलीकडची, मध्ये पोकळी. पलीकडची भिंत फुटते त्याच क्षणी हात थांबला पाहिजे, कारण तिच्यामागे रक्तवाहिन्या असू शकतात. डोळ्यांना ते दिसत नाही. यंत्राचा आवाज किंचित बदलतो, मनगटाला जाणवते. प्लास्टिकच्या हाडांवर सराव करून घेतात; पण जिवंत हाडाचा तो निसटता क्षण जिवंत हाडावरच कळतो.

म्हणजे पहिले हाड कुणाचे तरी असलेच पाहिजे. कुणाचे? पैसेवाला मुरलेला हात विकत घेतो. कच्चा हात मुरतो तो बहुधा सरकारी खाटेवरच्या माणसांच्या अंगावर, आणि मुरल्यावर तोच हात पुष्कळदा पैसेवाल्याच्या सेवेला जातो. हा सौदा त्या खाटेवरच्या माणसाला विचारून झालेला नाही. कागदावर अंगठा घेतात, खरे. पण ज्याला दुसरे दारच नाही त्याच्या संमतीला संमती म्हणायचे का? वाचक म्हणतील, त्याच्यावर उपचार तर होतात, आणि वर जाणता माणूस पाहत असतो. तेही खरेच. उद्या सगळ्यांनीच माझ्यासारखा हट्ट धरला, तर वीस वर्षांनी हाड जोडायला कोण उरेल? एवढे सगळे मला समजत होते, आणि तरी माझ्या आईचे हाड मला त्यातून वगळून हवे होते.

'ऑर्थोपीडिक' या शब्दाची हकीकत मला ठाऊक आहे. ऐंशी उलटलेल्या निकोला आन्द्री या फ्रेंच वैद्याने १७४१ साली 'सरळ' आणि 'मूल' अशा अर्थाचे दोन ग्रीक शब्द जोडून तो घडवला. त्याच्या पुस्तकात खुंटाला दोरीने बांधलेल्या वाकड्या झाडाचे चित्र आहे. मला ते मास्तरांचेच चित्र वाटते. मॅट्रिकपर्यंत शिकून मी वर्गावर उभा राहिलो तेव्हा पहिल्याच वर्षी चौथीच्या बत्तीस मुलांना भागाकार शिकवला. धड शिकवता आला नाही, म्हणून छडी चालवली. एक मुलगा दिवाळीच्या सुटीनंतर शाळेत आलाच नाही. पुढे गुरांमागे दिसायचा. माझ्या शेजारी कुणी जाणता उभा नव्हता, आणि त्या बत्तीस आयांपैकी एकीनेही 'या पोराच्या हातात नको' म्हटले नव्हते.

सकाळी मी कागदावर सही केली. वरिष्ठांना बोललेला शब्द मात्र परत घेतला नाही. तीन तासांनी तो टोपी काढत बाहेर आला. "छान झालं, गुरुजी." कुणी केले, असे विचारल्यावर, "साहेब होते ना," एवढेच बोलून तो पुढच्या खाटेकडे गेला.

आई आता वॉकर धरून तुळशीपर्यंत जाते. तिने फराळाचा डबा बांधून ठेवला आहे. दिवाळीत त्याला घरी जायला मिळणार नाही. फटाक्यांनी हात भाजलेली, बोटे गमावलेली पोरे येतात, तेव्हा तो तिथेच असेल. उद्या डबा घेऊन मी जाणार आहे. त्या दारातल्या वाक्याबद्दल त्याच्याशी काय बोलायचे, हे अजून ठरलेले नाही.