बुडख्याखालचे रान

संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या गावाच्या वरच्या अंगाला एक मालकी रान आहे. दोन वर्षांपूर्वी फाल्गुनात ते तुटले. ऐन, किंजळ, नाणा, कुंभा, जांभूळ असे सगळे गेले. चैत्रात पाखाडी चढून वर गेलो तेव्हा तांबड्या उतारावर नुसते बुडखे उरले होते आणि खालच्या बाजूला ट्रकच्या चाकोऱ्या. लहानपणापासून ज्या सावलीतून जात होतो ती एका पंधरवड्यात नाहीशी झालेली पाहून घशाशी आवंढा आला, हे लपवण्यात अर्थ नाही. मृग लागल्यावर तीन आठवड्यांनी पुन्हा गेलो. जवळजवळ प्रत्येक बुडख्याच्या कडेने फुटव्यांचा झुबका उभा होता. किंजळीची कोवळी पाने तांबूस, ऐनाची मऊ लव असलेली. दिवाळीपर्यंत ते कमरेला लागले. ज्या कोपऱ्यात शेळ्या फिरत होत्या तिथे मात्र फुटवे वीतभरच राहिले होते, पुन्हा पुन्हा खुडलेले.

त्या कोपऱ्याने मला एका दूरच्या जंगलाची आठवण करून दिली. उत्तर अमेरिकेत क्वेकिंग ॲस्पेन नावाचे झाड आहे. अलास्कापासून मेक्सिकोच्या डोंगरांपर्यंत ते पसरलेले आहे. त्या खंडात इतका विस्तार दुसऱ्या कुठल्याही झाडाचा नाही. त्याच्या पानाचा देठ लांब आणि दोन्ही बाजूंनी चपटा असतो, त्यामुळे वाऱ्याची झुळूकही नसावी असे वाटत असताना पाने थरथरत राहतात. आपल्याकडे हे झाड नाही, म्हणून त्याला मराठी नावही नाही. पण अमरकोशात पिंपळाला ‘चलदल’ म्हटले आहे, सतत हलणाऱ्या पानांचा. ते नाव ॲस्पेनलाही चपखल बसेल. त्याच ठिकाणी पिंपळाचे आणखी एक नाव येते, ‘कुंजराशन’, म्हणजे हत्तीचे खाणे. झाडाचे नाव त्याला खाणाऱ्यावरून पडावे, हे मला फार जाणतेपणाचे वाटते. ॲस्पेनच्या गोष्टीतही शेवटी प्रश्न त्याला कोण खाते यावरच येऊन थांबतो.

ॲस्पेन बियांपासून क्वचितच वाढते. त्याचा संसार मुळांवर चालतो. जमिनीखाली आडव्या पसरलेल्या मुळांतून नवे कोंब वर येतात, त्यांची खोडे होतात, आणि बघणाऱ्याला जे जंगल दिसते ते प्रत्यक्षात एकच झाड असते. युटा राज्यातल्या फिशलेक राष्ट्रीय वनात अशी एक वसाहत आहे. बर्टन बार्न्स या वनस्पतिशास्त्रज्ञाने ती ओळखली. पुढे तिला ‘पांडो’ हे लॅटिन नाव मिळाले, अर्थ ‘मी पसरतो’. सुमारे 43 हेक्टरांवर जवळपास 47,000 खोडे, आणि सगळी मिळून एकच जीव. उभ्या खोडाच्या शेंड्यातून खाली उतरणारे संप्रेरक मुळातल्या कोंबांना दाबून ठेवते. वणव्याने किंवा तोडीने खोड गेले की तो दाब सुटतो आणि कोंब उसळून वर येतात. वणवा गेल्यावर एका हेक्टरात हजारोंनी.

मग अशा झाडाला मरण कसे यावे? पांडोची जुनी खोडे वय होऊन पडत आहेत आणि त्यांच्या जागी नवी उभी राहत नाहीत. मुळांतून कोंब येतात, पण ते गुडघ्याएवढे होण्याआधीच हरणे आणि काही काळ चरणारी गुरे ते खाऊन टाकतात. 2018 मध्ये पॉल रॉजर्स आणि त्यांच्या सहकाऱ्याने 72 वर्षांची हवाई छायाचित्रे शेजारी ठेवून दाखवले की वसाहत हळूहळू विरळ होत चालली आहे. कुंपण घातलेल्या एका तुकड्यात तरुण खोडे झपाट्याने वाढली. दुसऱ्या, मोठ्या कुंपणात हरणे शिरत राहिली आणि तिथे फारसे काही साधले नाही. कोलोरॅडोत 2002 च्या अवर्षणानंतर आणखी वाईट घडले. वरची खोडे वाळली आणि त्यांच्यामागोमाग मुळेही मेली, म्हणून कोंबच फुटले नाहीत. मूळ हे कोठार आहे. पानांनी ते भरायचे असते. सतत काढत राहिले आणि कधी भरलेच नाही, तर कितीही जुने कोठार एक दिवस रिकामे होते.

आमच्या रानातले फुटवे मुळांतून येत नाहीत, ते बुडख्याच्या सालीखाली निजलेल्या डोळ्यांतून येतात. पळस आणि बेल मुळांतूनही फुटतात, पण ऐन-किंजळीचा मार्ग बुडख्याचाच. हा फरक असला तरी हिशेब तोच आहे, आणि रत्नागिरी जिल्ह्याला तो फार जवळचा आहे. या जिल्ह्यात सरकारी वन अगदी थोडे. डोंगर-उतारावर जे काही झाडोऱ्याचे दिसते ते बहुतेक लोकांच्या सातबाऱ्यावरचे, एकेका गटाला वीस-पंचवीस हिस्सेदार, त्यातले निम्मे मुंबईत. हे रान पिढ्यान्‌पिढ्या तुटत आले आहे. बंदरांतून गलबतांनी मुंबईला जळाऊ लाकूड गेले, कोळशाच्या भट्ट्या लागल्या, तरव्याच्या भाजावळीसाठी, म्हणजे भाताची रोपे टाकायची जमीन भाजण्यासाठी, दरवर्षी कवळ (पानांसह फांद्या) तुटला. एवढे होऊनही रान टिकले, कारण कुऱ्हाड जमिनीच्या वर चालत होती. बुडखा आपल्या जागी होता आणि त्याखालचे मूळ कदाचित आपल्या पणजोबांच्याही आधीचे होते. मनगटाएवढ्या खोडाकडे बोट दाखवून आपण म्हणतो, हे दहा वर्षांचे झाड. ते दहा वर्षांचे नसते.

जुन्या तोडणाऱ्यांना हे शास्त्राच्या भाषेत सांगता आले नसते, पण हाताला माहीत होते. पानगळीच्या दिवसांत, ताकद मुळात उतरलेली असताना तोड करायची. बुडखा भुईलगत ठेवायचा, म्हणजे फुटवा जमिनीत पाय रोवून उभा राहतो. उंच बुडख्यावरचा फुटवा जोराच्या वाऱ्याने फाटून खाली येतो. काप तिरका हवा, पाणी साचून बुडखा कुजू नये. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी झुबक्यातले एक-दोन जोमदार फुटवे राखून बाकीचे काढायचे. पूर्वीच्या वन कार्ययोजनांतही मोठी झाडे मधूनमधून राखून बाकीचे रान फुटव्यावर सोडण्याची पद्धत होती, आणि अनेक ठिकाणी तिचा फेरा, म्हणजे दोन तोडींमधला काळ, 40 वर्षांचा धरलेला असे. आमच्याकडे आज तोच फेरा दहा-बारा वर्षांवर आला आहे. खोड मांडीएवढे व्हायच्या आत ठेकेदार दारात उभा असतो, आणि हिस्सेदारांना तोवर पैशांची गरज लागलेली असते. या लोकांना लोभी म्हणायला माझी जीभ वळत नाही. घराचे छप्पर, मुलीचे शिक्षण, आईचे ऑपरेशन यांसाठी रान उक्ते विकले जाते, आणि त्यातून हाती येते ते फारच थोडे.

आता या रानाकडे सरकार कसे पाहते ते बघा. 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियमात अनुसूचित झाडे 16 आहेत. खैर, ऐन, किंजळ, हेद, जांभूळ ही त्यातलीच. तोडीला परवानगी लागते, आणि ती झाडे मोजून मिळते: इतकी उभी, इतकी तोडायची. बुडख्यांची नोंद अशा परवानगीत मला कधी दिसली नाही. वरून पाहणाऱ्या उपग्रहाचीही तीच गत. भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालांत रत्नागिरी जिल्ह्याचे सुमारे निम्मे क्षेत्र वनाच्छादित दिसते, आणि ते वाचून आपण समाधानाने मान डोलावतो. पण तिथे वनाच्छादन म्हणजे एक हेक्टरच्या वरचे, छत्राची घनता 10 टक्के किंवा अधिक असलेले कुठलेही क्षेत्र, मालकी कोणाचीही असो आणि झाड कुठलेही असो. आंब्याची कलमे त्यात आली, काजूही आला. शंभर वर्षांच्या मुळांवर उभे असलेले ऐन-किंजळीचे रान आणि जेसीबीने सपाट करून लावलेली काजूची बाग, काही वर्षांतच दोन्ही त्या नकाशात हिरवी होतात.

माझे सगळे म्हणणे याच फरकाविषयी आहे. तोड आणि उपट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुटलेले रान परत येते, उपटलेले येत नाही. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत कोकणात जे बदलले ते केवळ कुऱ्हाडीचे प्रमाण नव्हे, अवजारच बदलले. पूर्वी बुडखा काढायचा तर दोन गडी दिवसभर कुदळ-पहारी घेऊन खपत. म्हणून वरकस जमिनीवर नाचणी-वरी करणारेही बुडखे तसेच ठेवून मधल्या जागेत पेरत, आणि जमीन सोडली की रान आपसूक उठे. आज तोच बुडखा जेसीबीचा दात काही मिनिटांत उलथतो. आमच्याच गावाच्या शेजारी एका ठेकेदाराने असा अख्खा उतार सोलून काढला. पहिल्याच आषाढात त्यावरची माती ओहोळातून खाली भातखाचरांत उतरली, आणि ज्यांचा त्या व्यवहाराशी काही संबंध नव्हता अशा तीन घरांची लावणी गेली. वर उरला तो जांभा. तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस ज्या उतारावर कोसळतो तिथे मुळांचे जाळे ही एकच वस्तू मातीला धरून असते, हे शाळेतल्या मुलालाही समजते.

काजू आणि आंब्याला मी शत्रू मानत नाही. 1990 पासून रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेने कोकणातल्या अनेक घरांना पहिल्यांदा हक्काचे रोख उत्पन्न दिले. हापूसचा तर मला अभिमानच आहे. सहज मनात येते की हापूस हीही एका अर्थाने आपली पांडोच. प्रत्येक कलम त्याच एका जुन्या झाडाची फांदी. पण रचना उलटी. पांडोत वर हजारो खोडे आणि खाली एकच मूळ. हापूसच्या बागेत वर एकच झाड शेकडो वेळा उभे, आणि खाली रायवळ कोयींची शेकडो वेगवेगळी मुळे. अशी बाग माणसाच्या सुरीवर, खतावर आणि फवारणीवर जगते. ती शेती आहे आणि तिने शेतीच असावे. तिला रानाच्या जागी उभे करून रान म्हणून मोजणे, ही चूक आहे.

फुटव्यांवर विसंबण्याची मर्यादाही सांगायला हवी, नाहीतर मी अर्धेच बोललो असे होईल. सतत तुटणाऱ्या रानात फुटणारी झाडेच उरतात. जी झाडे बुडख्यातून जोमाने उठत नाहीत ती एकेक करून निघून जातात, आणि शे-दोनशे वर्षांत डोंगर ऐन-किंजळीचा होतो. फुटवा म्हणजे त्याच झाडाचा पुढचा श्वास. नवे झाड बीच देते. बी धरायला झाड मोठे व्हावे लागते, आणि दहा वर्षांच्या फेऱ्यात फार थोडी झाडे त्या वयाला पोचतात. ती वयस्क झाडे आज शिल्लक आहेत देवरायांत. जुगाईच्या, वाघजाईच्या, केदारलिंगाच्या राईत जे बेहडे आणि आंबे उभे आहेत, त्यांच्या ढोलीत धनेश घरटे करतो आणि फळे खाऊन बिया लांबवर टाकतो. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी 1970 च्या दशकात देवरायांचा अभ्यास मांडला, तेव्हा या रायांकडे श्रद्धेचे अवशेष म्हणून पाहणारे पुष्कळ होते. माझ्या दृष्टीने देवराई हे आसपासच्या मालकी रानांचे बियाण्याचे कणगे आहे. राई आणि रान यांचा विचार वेगळा करणे म्हणजे कणगे आणि शेत यांची फारकत करणे.

पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन या संस्थेने संगमेश्वर भागात दोन्हींना जोडून काम केले आहे. मालकांशी करार करून ठरावीक वर्षे रान न तोडण्याचा मोबदला द्यायचा, आणि बेहड्याच्या फळांना रीतसर प्रमाणीकरण मिळवून चांगला भाव आणायचा, म्हणजे उभे झाड तुटलेल्या झाडापेक्षा घराला अधिक देईल. हे काम आकाराने लहान आहे. जिल्ह्याचा पसारा पाहता फारच लहान. तरी ते मालकाला गुन्हेगार न ठरवता सुरू होते, म्हणून मला मोलाचे वाटते. 1975 च्या खासगी वने संपादन अधिनियमाची सावली अजून गावोगाव आहे. रान दाट राखले तर एक दिवस सरकारजमा होईल, त्यापेक्षा तोडलेले बरे, असे म्हणणारी माणसे मी स्वतः ऐकली आहेत. ज्या कायद्याच्या धाकाने माणूस रान राखायला घाबरतो, त्या धाकाचा काय उपयोग?

म्हणून परवानगीच्या कागदात एक रकाना वाढवावा असे मला वाटते. बुडखा उपटणार की राखणार? राखणाऱ्याला परवानगी सोपी आणि लवकर मिळावी. उतारावरची उपट मात्र वेगळी, कडक परवानगी घेतल्याशिवाय होऊ नये. दोन तोडींमध्ये किमान 20-25 वर्षांचे अंतर असावे आणि त्या काळाचा तोटा मालकाला एकट्याने सोसायला लागू नये. प्रत्येक तोडीत मोठी, फळणारी झाडे राखली जावीत. आणि तोडीनंतरची पहिली तीन वर्षे त्या रानाला वणवा व गुरे यांपासून संरक्षण मिळावे. यासाठी तारेचे महागडे कुंपण लागत नाही. जांभ्याचा गडगा, करवंदीची काटी आणि गावाने मिळून पाळलेली चराईबंदी पुरते. पांडोला जे कुंपण घालावे लागले, ते आमच्या गावांत एकेकाळी ग्रामसभेच्या शब्दानेच घातले जात होते.

आमच्या वरच्या रानात यंदा शेळ्यांच्या कोपऱ्याभोवती आम्ही काही जणांनी काटी घातली. मालकांपैकी दोघे मुंबईहून शिमग्याला आले होते, तेही हात लावायला आले. झुबक्यांतले जादा फुटवे कोयत्याने काढून प्रत्येक बुडख्यावर दोनच ठेवले. किंजळीचे सगळ्यांत उंच फुटवे आता माझ्या डोक्यावर गेले आहेत. कोपऱ्यातले अजून गुडघ्याशीच आहेत, पण या पावसात त्यांचे शेंडे पहिल्यांदाच शाबूत आहेत.